उशाचा दगड

रोज सकाळी शाळेच्या स्वयंपाकघराचं कुलूप काढण्याआधी ऑर्फामावशी जिमच्या भिंतीपाशी थांबायची. उजव्या हाताचा हातमोजा काढून कोटाच्या खिशात ठेवायची आणि भिंतीतल्या एका दगडावर तळहात टेकवायची. पलीकडच्या खोलीत कुणी जागं आहे का याची चाहूल घ्यावी, तशी क्षणभर उभी राहायची. मग मोजा चढवून आत जायची, भट्टी पेटवायची, पीठ मळायला घ्यायची.

दगड रोज वेगळा असे. एका कोपऱ्यापासून निघून, हात पोचेल तेवढ्या उंचीतले सगळे दगड ओलांडत ती पुढे सरकायची. भिंत संपली की पुन्हा पहिल्यापासून.

शाळेचा शिपाई कॉय बास्कम पायऱ्या झाडता झाडता विचारायचा, "आज कुणाची पाळी, मावशी?"

"ह्या तांबड्याची."

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, कॉयनं काल कोपऱ्यातली पानं झाडलीच नाहीत."

आमच्या सीडर फोर्क गावात याचं कुणाला नवल वाटत नसे. शाळेत एखादी नवी शिक्षिका आली आणि तिनं पहिल्या आठवड्यात दबक्या आवाजात विचारलं, तर तिला एवढंच सांगायचे, "त्या भिंतीत तिचं काहीतरी राहिलंय." काय राहिलंय, ते हळूहळू कळायचं.

ते जिम अमेरिकेतल्या तीसच्या दशकातल्या मोठ्या मंदीच्या काळातलं. नावाला जिम, पण बास्केटबॉलचे सामने, नाताळचं नाटक, लग्नाची जेवणं, मतदान, सगळं तिथेच व्हायचं. म्हातारी माणसं म्हणायची की आमच्या ओझार्कच्या डोंगरात मंदी आली ते उशिराच कळलं, कारण आधीही कुणाकडे काही नव्हतं. लाकडाची गिरणी बंद पडली तेव्हा कळलं. मग सरकारनं कामं काढली. प्रत्येक घरातल्या एकाच माणसाला काम, हा नियम. रस्ते झाले, पूल झाला आणि शाळेला जिम बांधायचं ठरलं. बाजारातले दुकानदार या कामावरच्या माणसांना हसत. "काय होबार्ट, फावडं मारतोस की त्याला टेकून झोपतोस?" असं विचारत. ऑर्फाचा बाप होबार्ट टॅकेट शांतपणे म्हणे, "दोन्ही जमतं. तुला यातलं एक तरी जमतं का?"

बांधकामाला सामान विकत आणायचं ते कमीत कमी. दगड मात्र हवे तेवढे होते. आमच्याकडे भरवशाचं पीक एकच, ते म्हणजे दगड. हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि खालचे दगड वर येतात. वसंतात नांगर धरण्याआधी ते वेचायचे आणि बांधावर रचायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. प्रत्येक शेताच्या कडेला आज्या-पणज्यांपासूनच्या दगडांचे ढीग पडलेले. सरकारी ट्रक ते न्यायला आला तेव्हा लोकांना हसावं की रडावं कळेना. ज्या गोष्टीनं पिढ्यान् पिढ्या पाठी मोडल्या, तीच कुणीतरी मागत आलं होतं.

टॅकेटांच्या शेतावर ट्रक आला तो कडक थंडीत. जमीन दगडासारखी घट्ट होती, शेतातलं काही उखडून निघत नव्हतं. होबार्ट स्वतः ट्रकवर होता. त्यानं बांधावरच्या ढिगाकडे हात केला आणि म्हणाला, "ही सगळी कड घ्या." वर पातळ बर्फ होता. त्यानं आणि बाकीच्यांनी मिळून ती कड ट्रकमध्ये भरली.

त्या कडेलाच, ढिगाच्या टोकाशी, टॅकेटांची चार-सहा थडगी होती. आमच्याकडे गरिबाच्या थडग्यावर घडवलेला दगड नसतो, नाव कोरलेलं नसतं. शेतातलेच दोन दगड घ्यायचे. उशाला जरा मोठा, पायाशी लहान. कोण कुठे आहे ते घरच्यांना ठाऊक असतं, बाहेरच्यानं पाहिलं तर नुसते दगड. त्यात एक थडगं होतं अर्लचं, ऑर्फाच्या पाठच्या भावाचं. सहा महिन्यांचा होऊन गेला होता. त्याच्या उशाचा दगड थंडीनं जमीन फुगली तेव्हा कलंडला असावा आणि ढिगावर जाऊन पडला असावा. त्या दिवशी तो होबार्टनं उचलला की दुसऱ्या कुणी, ते होबार्टलाही कधी कळलं नाही.

मे महिन्यात आमच्याकडे थडग्यांचा दिवस असतो. गवत काढायचं, फुलं ठेवायची, मग गोधड्या अंथरून सगळ्या नातेवाइकांनी तिथेच जेवायचं. ऑर्फा तेव्हा अकरा वर्षांची होती. अर्लचा दगड धुण्याचं काम तिचं. ती बादली घेऊन पुढे गेली आणि तशीच परत आली.

"आई, अर्लचा दगड कुठेय?"

आईनं, म्हणजे मिंटी टॅकेटनं, आधी मुलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. होबार्टच्या हातात ॲपल पायचं ताट होतं. ते त्यानं फार सावकाश खाली ठेवलं.

तोवर जिमची भिंत खिडक्यांच्या वर गेली होती. दुसऱ्या दिवशी तिघंही तिथे गेली. मुकादम परगावचा असला तरी भला माणूस होता. टोपी काढून म्हणाला, "बाई, कुठला ते दाखवा. आत्ता काढून देतो."

तो दगड मिंटीनं ओढ्यातून स्वतः निवडून आणला होता. राखाडी, आणि त्याच्या एका अंगाला अंगठा बरोबर बसेल असा खळगा. खळग्याभोवती बारीक मण्यांसारख्या गोल खुणा, कुठल्यातरी जुन्या समुद्रातल्या जीवांच्या. असे मणी आमच्या ओढ्यांत सापडतात, पोरं दोऱ्यात ओवतात. पण खळग्याभोवती असे फेर धरून बसलेले मणी फक्त त्या दगडावर होते. मिंटी आणि ऑर्फा भिंतीभोवती फिरल्या, आतून फिरल्या, बाहेरून फिरल्या. खळगा कुठेच दिसेना. गवंडी दगडाचं सपाट अंग बाहेर ठेवतात आणि खडबडीत अंग सिमेंटात दडवतात, हे मुकादमानंच त्यांना सांगितलं. सांगून झाल्यावर त्याला वाईट वाटलं.

मिंटी म्हणाली, "राहू दे. माझ्या एका दगडासाठी शाळा पाडायची का?"

पण घरी जाताना वाटेत ऑर्फाला म्हणाली, "तू तो धुतलायस. तुला तो हातानं ओळखू येतो. मी असले नसले, तो सापडला तर त्याच्या जागी ठेव. लेकराच्या डोक्याशी काही नाही, हे मला बघवत नाही."

पायाशी असलेला लहान दगड तसाच होता, त्यामुळे जागा हरवली नव्हती. हरवला होता तो उशाचा दगड.

जिम पुरं झाल्यावर मिंटी एकही सामना चुकवत नसे. खेळातलं तिला काही कळत नसे. बाकांच्या अगदी वरच्या ओळीत, भिंतीला पाठ टेकून बसायची आणि विणकाम करायची. होबार्ट मात्र जन्मात एकदाही आत गेला नाही. कडाक्याच्या थंडीत खिडकीखाली उभा राहून पाइप ओढायचा आणि आतल्या गलक्यावरून कोण जिंकतंय ते ओळखायचा. ऑर्फानं एकदा विचारलं होतं, "बाबा, आत का येत नाही?"

"आत फार गरम होतं," तो म्हणाला. त्याच्या मिशीवर बर्फ होता.

ऑर्फानं लग्न केलं नाही. विचारलं होतं एकानं, चांगला होता, पण त्याला टेक्सासात जायचं होतं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि गावातल्या तीन पिढ्यांना तिनं बीन्स, मक्याचा पाव आणि दालचिनीचे रोल खाऊ घातले. होबार्ट गेला, मग मिंटी गेली. तिला अर्लच्या शेजारी ठेवलं. आता तो खळगा ओळखणारं माणूस जगात एकच उरलं, आणि तेही म्हातारं होत चाललं होतं. तेव्हापासून हात टेकवणं सुरू झालं. खळगा आत दडलेला दगड हातानं कसा ओळखणार, असं कुणी विचारलं तर मावशी म्हणायची, "मला काय माहीत? ओळखू आला की सांगेन."

मग नवा कायदा आला. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला प्रत्येक सार्वजनिक इमारतीत जाता आलं पाहिजे. आमच्या जिमला पुढून उंच पायऱ्या. टेसा नावाची एक मुलगी होती, तिला तिचा बाप प्रत्येक सामन्याला उचलून वर न्यायचा आणि ती लाजून त्याच्या खांद्यात तोंड लपवायची. ठरलं असं, की पूर्वेच्या भिंतीत एक नवं दार पाडायचं आणि बाहेर उतार बांधायचा.

ते ऐकलं त्या सकाळी मावशीनं दगडाला हात लावलाच नाही. सरळ मुख्याध्यापिका प्रुइटबाईंच्या खोलीत गेली. कोटही काढला नाही.

"बाई, भिंत फोडताना मी तिथे बसणार."

"मावशी, धूळ असेल, आवाज असेल. आणि जेवण कोण करणार?"

"जेवण रात्रीच करून ठेवते. आणि निघालेला एकही दगड मी बघितल्याशिवाय ट्रकमध्ये जायचा नाही."

प्रुइटबाई इथल्याच. त्यांनी फक्त होकाराची मान डोलावली.

गवंडी आला ड्वेन स्ट्राउड, पलीकडच्या दरीतला. त्यानं दाराची चौकट खडूनं आखली. मावशी घरून खुर्ची, बादली आणि घासायचा ब्रश घेऊन आली. पहिला दगड निघाला, ड्वेननं तो तिच्या पायाशी ठेवला. तिनं सिमेंट खरवडलं, पाणी मारलं, दगड फिरवून फिरवून पाहिला आणि बाजूला सारला.

"हा नाही."

"कसा असायला हवा, मावशी?"

"माझा अंगठा बसेल असा."

दुपारपर्यंत गावातली माणसं जमायला लागली. आधी दोघं-तिघं, मग शाळेचा एक वर्ग, मग चर्चच्या बायका लोणच्याच्या बरण्या आणि सँडविचेस घेऊन. कुणाला वाटलं नव्हतं असं काहीतरी होत होतं. इतकी वर्षं या दगडांची एकच बाजू गावानं पाहिली होती, आता दुसरी दिसत होती. एका दगडाची आतली बाजू धुरानं काळी होती. तो कुणाच्यातरी चुलीतला. एकावर नांगराचे ओरखडे. एक मधोमध खोलगट, घासून घासून गुळगुळीत झालेला.

म्हातारा व्हर्लन पूल काठी टेकत पुढे आला. "हे आमचं कोंबड्यांचं पाणी प्यायचं भांडं आहे."

"कशावरून?" कॉय म्हणाला.

"आजी सांगायची, आजोबानं चोरून ट्रकवर टाकलं म्हणून. आयुष्यभर बोलत होती त्याला."

"चोरून कशाला टाकेल?"

"दगड कमी भरत होते. आणि शेजाऱ्याचा ढीग मोठा होता, ते त्याला सहन होईना."

बायका खळाळून हसल्या. मग प्रत्येक जण वाकून पाहू लागला, आपल्या घरातलं काय या भिंतीत गेलंय ते. टेसाच्या मांडीवर कुणीतरी एक दगड आणून ठेवला. त्यात पानाचा ठसा होता. ती तो बराच वेळ नखानं चाचपत राहिली. मावशी मात्र कुणाकडे बघत नव्हती. दगड यायचा, ती घासायची आणि "हा नाही" म्हणायची. तिचे हात थंडीनं लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौकटीतला शेवटचा दगड निघाला. मावशीनं तो धुतला, फिरवला, खाली ठेवला. कॉय तिच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "बादलीतलं पाणी बदलू का?"

"नको. झालं आता."

ड्वेन भगदाडाच्या कडा साफ करत होता. त्यानं ब्रश मारला, थांबला आणि पुन्हा मारला.

"मावशी, जरा इकडे या."

दाराच्या डाव्या कडेला, कंबरेच्या उंचीवर, जो दगड भिंतीतच राहणार होता त्याची एक बाजू शेजारचा दगड निघाल्यामुळे उघडी पडली होती. सिमेंटाच्या पापुद्र्याखाली मण्यांचा फेर दिसत होता. मावशीनं मोजा काढला. खळग्यातलं सिमेंट तिनं नखानं उकरलं. मग अंगठा ठेवला. तो बसला, पण पुरा नाही. अकराव्या वर्षीचा अंगठा आता सांध्यांनी जाड झाला होता.

प्रुइटबाई डोळे पुसून म्हणाल्या, "मावशी, हा इथेच राहू दे. दाराशीच आलाय बघा. आपण त्याच्यावर पितळेची पाटी लावू, अर्लच्या नावाची. जाता-येता पोरं हात लावतील."

चर्चच्या बायकांनी माना डोलावल्या. खरं तर आम्हा सगळ्यांनाच तेच वाटत होतं. गोष्ट छान झाली असती.

मावशी म्हणाली, "नाही. काढा तो."

"अहो, पण..."

"बाई, शाळेला तो कुणी दिलेला नव्हता. चुकून आला. आईनं इतकी वर्षं वापरायला दिला, पुष्कळ झालं. पाटी लावायला तुम्ही दुसरं काहीतरी शोधा."

ड्वेननं दगडाच्या वरच्या रांगेकडे पाहिलं. "काढता येईल. पण कड आहे ही, वरचं वजन त्याच्यावर आलंय. टेकू द्यावा लागेल, आणि त्या जागी त्याच मापाचा दुसरा लागेल. नवा लावला तर डोळ्यावर येईल."

"नवा कशाला? माझ्या घराच्या पायरीचा देते. बाबानं बसवलेला. तोही त्याच बांधावरचा."

"आणि तुम्ही घरात कशा चढणार?" कॉय म्हणाला.

"पाय उचलून."

दुसऱ्या दिवशी ड्वेन आणि कॉयनं पायरीचा दगड पहारीनं उपटून आणला. लाकडी टेकू लावून अर्लचा दगड काढला आणि त्याच्या जागी होबार्टचा बसवला. आजूबाजूच्या दगडांच्या सांध्यांवर सिमेंटाची उठावाची रेघ असते, दोऱ्यासारखी, तशी ड्वेननं नव्या सिमेंटात ओढली. जवळून पाहिलं तर तेवढा भाग जरा उजळ दिसतो. होबार्ट जन्मभर त्या इमारतीच्या बाहेर उभा राहिला होता. आता त्याच्या हातचा दगड दारात होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. हे कुणीतरी बोलून दाखवलं तेव्हा मावशी म्हणाली, "गरम होईल त्याला," आणि पहिल्यांदाच हसली.

मे महिन्यात आम्ही सगळे टॅकेटांच्या बांधावर गेलो. शेत आता दुसऱ्याचं होतं, पण थडग्यांना कुणी हात लावला नव्हता. मावशीनं दगड बादलीतल्या पाण्यानं धुतला, अकराव्या वर्षी धुवायची तसा, आधी पाठ, मग पोट, शेवटी खळगा. कॉयनं खड्डा खणला. दगड उभा करताना त्यानं विचारलं, "खळगा कुठल्या बाजूला?"

"आईकडे," ती म्हणाली.

मग गोधड्या अंथरल्या आणि कोंबडी, बटाट्याचं सॅलड, ॲपल पायसारखे चार गोड प्रकार असं जेवण झालं. व्हर्लन पूल सांगत होता की त्याच्या आजोबानं आणखी काय काय ट्रकवर टाकलं असेल, ते शोधायला पश्चिमेची भिंतही फोडायला हवी.

आता मावशीची सकाळची फेरी थांबेल, असं आम्हाला वाटलं होतं. सोमवारी ती आली, भिंतीपाशी थांबली, मोजा काढला.

कॉय झाडू टेकवून म्हणाला, "आता कशाला? सापडला ना?"

"बाकीचे काय परके आहेत? एवढी वर्षं भेटलो, आता काम झालं म्हणून तोंड फिरवू?" आणि तिनं पुढच्या दगडावर हात ठेवला.

पुढे दोन हिवाळे ती येत राहिली. घराला पायरी नसल्यामुळे कॉयनं लाकडी ठोकळा टाकून दिला होता. तो डुगडुगतो अशी तिची तक्रार असे, पण दुसरा दगड बसवू देत नसे. शेवटच्या दिवशी शुक्रवार होता. जेवणाला बीन्स, मक्याचा पाव आणि रोल. भांडी झाली, भट्टी विझली, तिनं एप्रन खुंटीला लावला. टेसा नव्या दारातून खेळाचा सराव बघायला जात होती, तिला तिनं उरलेला रोल कागदात गुंडाळून दिला. मग हातमोजे चढवत त्याच दाराशी थांबली. त्या रात्री ती झोपेतच गेली, म्हणून हे कॉय अजून जसंच्या तसं सांगतो.

"कॉय," ती म्हणाली होती, "या दाराखालून वारा येतो रे. काहीतरी लाव तिथे. पोरांच्या पायांना गार लागतं."